मुंबई पायी पाहावी

(शिक्षक व ग्रामपंचायतींचे कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोव्यातील घर सहसा असे सापडणार नाही, की ज्याचा मुंबईशी काही संबंध नाही. कोणाचे मामा गोदीत कामाला होते, कोणाचे आजोबा आगबोटीवर स्वयंपाकी होते, कोणाची आत्या गिरगावात दिली होती. एके काळी पणजीच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट भाऊच्या धक्क्याला लागत असे. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, आणि संध्याकाळी मडगावला गाडीत बसलेला प्रवासी पहाटे मुंबईत उतरू लागला. शाळांच्या शैक्षणिक सहलीही तिकडे जातात. सहलीहून परतलेल्या मुलाला काय पाहिलेस म्हणून विचारले, तर ठरलेले उत्तर मिळते: गेटवे, ताजमहाल हॉटेल, मरीन ड्राइव्हवरचे दिवे आणि एखाद्या नटाचा बंगला. बसच्या खिडकीतून दिसते ते एवढेच.

मुंबई ही झगमगाटाची नगरी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु झगमगाट दुरूनच चांगला दिसतो. जवळ गेल्यावर त्यामागचे हात दिसू लागतात. यासाठी मुंबईत एक चांगली प्रथा रुजली आहे. जाणकार मार्गदर्शकाबरोबर दहापंधरा माणसांनी दोन तास पायी हिंडावयाचे, ठिकठिकाणी थांबावयाचे, मान वर करून पाहावयाचे, प्रश्न विचारावयाचे. अंतर फार नसते; तीनचार किलोमीटर. शेतावर जाऊन येणाऱ्या माणसाला ते काहीच नव्हे. या दोन तासांत काय पाहावे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय ऐकावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

फेरीची सुरुवात बहुधा गेटवे ऑफ इंडियापासून होते. राजे पाचवे जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात मुंबईला उतरले, त्यांच्या स्वागतासाठी ही कमान बांधली, असे पाठ्यपुस्तकातून सर्वांनी वाचलेले असते. पण राजा उतरला, त्या दिवशी ही कमान तेथे नव्हतीच. तिची कोनशिला ३१ मार्च १९१३ रोजी बसली, आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी तिचे उद्घाटन झाले. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी गुजरातेतील सोळाव्या शतकातील इमारतींचे वळण डोळ्यांपुढे ठेवून ती रचली. साम्राज्याच्या वैभवाची खूण म्हणून उभारलेल्या या कमानीखालूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी निघून गेली. उद्घाटनापासून त्या निरोपापर्यंत पुरती चोवीस वर्षेही झाली नव्हती. विद्यार्थ्यांना तारखा पाठ करावयास सांगण्यापेक्षा त्या कमानीखाली उभे करून हा हिशेब करावयास सांगितला, तर तो जन्मभर विसरला जाणार नाही.

पाठीमागे वळले की समोर ताजमहाल हॉटेल. ते १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले, म्हणजे गेटवेहून एकवीस वर्षांनी थोरले. त्या काळी बोटीने बंदरात शिरणाऱ्या उतारूला कमान दिसत नसे, जमशेटजी टाटांच्या या हॉटेलाचा घुमट दिसे. येथे आल्यावर पुष्कळ मार्गदर्शक एक गोष्ट रंगवून सांगतात. ती अशी, की हॉटेलचा आराखडा एका परदेशी वास्तुविशारदाने केला आणि तो मायदेशी गेला. परत येऊन पाहतो, तर कामगारांनी इमारत उलटी बांधलेली, पुढची बाजू मागे आणि मागची पुढे. त्या धक्क्याने त्याने वरच्या मजल्यावरून उडी टाकली. ऐकणारे हळहळतात, काही जण देशी कामगारांच्या अडाणीपणावर हसतात, आणि मंडळी पुढे सरकते.

ही गोष्ट खरी नाही. हॉटेलचे मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होते, कारण पाहुण्यांच्या घोडागाड्या शहरातून येत. त्यात चूक कोणाचीच नव्हती. हॉटेलचा आराखडा ज्यांनी आखला त्यांत प्रमुख होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आणि त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा. वैद्य यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने काम पुरे केले. देशातील सर्वांत नामांकित हॉटेलाचा पाया एका मराठी माणसाच्या आराखड्यावर घातला गेला, ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? खोट्या कथेने खऱ्या माणसाचे नाव पुसले, आणि वर त्याच्या देशबांधवांना अडाणी ठरविले. मार्गदर्शकाच्या तोंडचा एक शब्द किती नुकसान करू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. दिवसाला शंभर माणसांनी ती दंतकथा ऐकली, तर शंभर घरांतून ती रुजते. पुढे तिचे तण उपटणे कोणालाही साधत नाही.

मार्गदर्शकाने दंतकथा सांगूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. दंतकथा ही शहराची मालमत्ताच असते. मात्र ‘असे झाले’ आणि ‘असे सांगतात’ या दोहोंतील भेद त्याने पाळला पाहिजे. ज्याच्या बोलण्यात हा भेद ऐकू येतो, तो मार्गदर्शक चांगला समजावा.

ताजपासून थोडे पुढे चालले की १९३३ साली उघडलेले रीगल चित्रपटगृह लागते, आणि चौक ओलांडला की वस्तुसंग्रहालयाचा घुमट. तेही विटेट यांचेच काम. इमारत तयार झाली त्या सुमारास पहिले महायुद्ध पेटले आणि तिच्यात लष्करी इस्पितळ उघडावे लागले. लोकांसाठी संग्रहालय खुले झाले ते १९२२ मध्ये. पूर्वी त्याला प्रिन्स ऑफ वेल्स यांचे नाव होते; आता ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखले जाते. आत शिरावयाचे तर अर्धा दिवस हवा, म्हणून पायी फेरीतील मंडळी बाहेरूनच नमस्कार करून काळा घोडा या भागाकडे वळतात.

काळा घोडा हे नाव सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून पडले. तो पुतळा १९६५ मध्ये तेथून हलविण्यात आला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. घोडा गेला तरी नाव राहिले. लोकांच्या जिभेवर बसलेले नाव सरकारी हुकमाने जात नाही, याचा हा दाखला. २०१७ मध्ये त्या परिसरात पुन्हा एक काळा घोडा उभा करण्यात आला, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही. राजा उतरला आणि घोडा तेवढा उरला.

याच भागात एक जुनी, जर्जर झालेली इमारत आहे. तिच्यासमोर प्रत्येकाने थांबलेच पाहिजे. हे पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल. १८६० नंतरच्या दशकात तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईला आणला आणि येथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी लुमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली, ती याच हॉटेलात. ते खेळ पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मराठी छायाचित्रकार होते. त्यांनी पुढे स्वतः कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले. ज्या चित्रपटसृष्टीच्या झगमगाटासाठी खेड्यापाड्यांतील मुले मुंबईचे स्वप्न पाहतात, तिचे बीज या इमारतीत पडले. आणि तिची आजची स्थिती? तुळया गंजल्या, सज्जे ढासळले, आणि २०१९ मध्ये आतील रहिवाशांना ती रिकामी करावी लागली. बंगल्यापुढे नटाच्या दर्शनासाठी ताटकळणारी गर्दी या दाराशी क्षणभरही थांबत नाही. जमशेटजींना याच हॉटेलात प्रवेश नाकारला गेला म्हणून त्यांनी ताज बांधले, अशीही एक कथा येथे ऐकावयास मिळते. ती ‘असे सांगतात’ या सदरात टाकावी. तिला भक्कम पुरावा नाही.

येथून उत्तरेकडे गेले की हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या परिसरात गोळीबार झाला. त्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक येथे आहे. शेजारीच १८६४ चे फ्लोरा फाउंटन हे दगडी कारंजे आहे. मुंबईच्या कोटाचा चर्चगेट हा दरवाजा पूर्वी येथे होता. १८६२ ते १८६७ या काळात सर बार्टल फ्रियर गव्हर्नर होते. त्यांच्या कारकीर्दीत तटबंदी पाडली गेली आणि दाटीवाटीचे शहर मोकळे झाले. दरवाजा गेल्याला दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी रोज लाखो माणसे चर्चगेटचे तिकीट काढतात.

चौकातून पश्चिमेस वळले की ओव्हल मैदान येते आणि फेरीतील सर्वांत रम्य दृश्य समोर उभे राहते. मैदानाच्या मध्यावर उभे राहून प्रथम पूर्वेकडे पाहावे. उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर, विद्यापीठाचे पदवीदान सभागृह आणि जुने सचिवालय, अशी दगडी इमारतींची रांगच तेथे आहे. या साऱ्या १८७० नंतरच्या दशकात पुऱ्या झाल्या. विद्यापीठाचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून काढले. ते स्वतः मुंबईला कधी आलेच नाहीत. मग हे काम उभे कोणी केले? येथील अभियंत्यांनी, गवंड्यांनी आणि पाथरवटांनी. राजाबाई टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्याने घडविले. जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांचे हात असेच बोरीबंदर स्थानकाच्या कोरीवकामात गुंतले होते. दगडातील पोपट, माकडे, पाने, फुले ही त्या हातांची सही समजावी.

पैसा कोठून आला, हेही पाहावे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू असता तेथील कापूस इंग्लंडला मिळेना. तेव्हा वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी गबर झाले. युद्ध संपताच १८६५ मध्ये अनेकांचे दिवाळे निघाले. त्या तेजीतले मोठे नाव प्रेमचंद रायचंद. त्यांनी दिलेल्या दोन लाख रुपयांतून हा मनोरा उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. मातोश्रींची दृष्टी गेली होती, घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना सूर्यास्तापूर्वीची भोजनवेळ कळावी हा हेतू होता, असे सांगतात. पण दूर कोठे तरी शेतात कापूस वेचणाऱ्या बाईचेही या मनोऱ्यात काही आहे, हे मार्गदर्शकाने सांगितले नाही तर शिक्षकाने सांगावे.

आता तोंड फिरवून पश्चिमेकडे पाहावे. तेथे मात्र दगड नाही, मनोरे नाहीत. गुळगुळीत काँक्रीटच्या, गोलाकार सज्जांच्या, फिक्या रंगांच्या, बोटीच्या डेकसारख्या कठड्यांच्या निवासी इमारती आहेत. उत्तरेच्या टोकाशी १९३८ चे इरॉस चित्रपटगृह आहे. ही आर्ट डेको शैली. पूर्वेची आणि पश्चिमेची रांग यांत साठ वर्षांचे अंतर आहे, आणि ते मैदानाच्या रुंदीएवढ्या जागेत दिसते. एक गमतीची गोष्ट अशी, की न्यायालय आणि विद्यापीठ बांधले तेव्हा त्यांच्यासमोर समुद्राची खाडी होती. पश्चिमेकडील रांग आणि तिच्यामागचा मरीन ड्राइव्ह ज्या जमिनीवर आहे, ती भराव टाकून नंतर निर्माण केलेली आहे.

हा भराव सुखासुखी झाला नाही. १९२० च्या सुमारास सरकारने मोठ्या डौलाने काम आरंभिले. खर्च वाढत गेला, काम मागे पडत गेले. त्यातील गैरकारभार खुर्शेद नरिमन या वकिलाने चव्हाट्यावर आणला. एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. त्यातून नरिमन निर्दोष सुटले. पुढे त्याच भरावाच्या टोकाला नरिमन पॉइंट हे नाव मिळाले. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणाऱ्या नागरिकाचे नाव देशातील अत्यंत महागड्या जमिनीला लाभावे, ही गोष्ट ग्रामपंचायतीच्या प्रत्येक सभासदाने ध्यानी ठेवावी अशी आहे.

मैदानाच्या या दोन बाजूंना ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिच्यात ९४ इमारतींचा समावेश आहे. ही मान्यता आपोआप चालून आली नाही. मुंबईने १९९५ मध्ये वारसा इमारतींच्या जतनासाठी नियम केले. तशी नियमावली करणारे ते देशातील पहिले शहर. मैदानाची दुर्दशा झाली होती, तेव्हा आजूबाजूच्या रहिवाशांनी संघटना करून त्याची निगा पत्करली. वास्तुविशारद, रहिवासी आणि शासन या तिघांनी वर्षानुवर्षे कागद रंगविले, नकाशे काढले, पाठपुरावा केला. वारसा जतन होतो तो असा.

गोमंतकीय प्रवाशाने येथे फेरी संपवू नये. मैदाने उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे थोडे चालले, की धोबीतलाव येतो. मेट्रो चित्रपटगृहासमोर एक पुतळा आहे. बहुतेक जण त्याच्याकडे न पाहता रस्ता ओलांडतात. तो डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा. बार्देशातील हडफडे गावात जन्मलेल्या या वैद्याने १८९६ मध्ये मांडवी भागातील रोग्यांना तपासून ही ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची साथ आहे, असे निदान केले. ते अनेकांना ऐकावयास नको होते. व्यापाराचे शहर भीतीने रिकामे होईल ही धास्ती होती. व्हिएगस मागे हटले नाहीत. घरोघर फिरून त्यांनी रोग्यांची सेवा केली. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. प्लेगमुळेच १८९८ मध्ये सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि कोंदट वस्त्यांतून समुद्राचा वारा खेळावा म्हणून जवळचा प्रिन्सेस स्ट्रीट हा रुंद रस्ता काढण्यात आला. मुंबईच्या रुंद रस्त्यांमागे एका गोमंतकीय वैद्याचे निदान आहे, हे हडफड्याच्या शाळेतील मुलांना तरी माहीत असावयास हवे. त्याच गावचे डॉ. जोसे गेर्सन द कुन्या यांनी मुंबईचा इतिहास लिहिला. आणि पेडण्यातील मांद्रे येथे जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव भायखळ्याच्या संग्रहालयाला दिलेले आहे.

धोबीतलावाच्या जेर महालात आणि आसपासच्या गल्ल्यांत गोवेकरांच्या ‘कुडी’ आहेत. एकेका गावाची एकेक कूड. नोकरीच्या शोधात आलेला तरुण किंवा पुढच्या बोटीची वाट पाहणारा खलाशी नाममात्र वर्गणीत तेथे राहत असे. भिंतीलगत पत्र्याच्या पेट्यांची रांग, कोपऱ्यात गावच्या संताची वेदी, आणि रात्री सर्वांनी मिळून म्हणावयाची कोकणी प्रार्थना. गावाकडे जाणाऱ्या मनीऑर्डरी तेथूनच निघत. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोगही गोव्यात झाला नाही. तो १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड नाट्यगृहात झाला. परगावी राबणाऱ्या माणसांनी आपली भाषा पोटाशी धरून ठेवली, त्याचे हे फळ.

येथून मरीन लाइन्स स्थानक ओलांडले, की समुद्र. संध्याकाळची वेळ साधली असेल, तर दिवे एकेक करून लागताना दिसतात. हाच तो राणीचा रत्नहार. दोन तासांपूर्वी ज्याने तो बसमधून पाहिला असता, त्याला फक्त दिवे दिसले असते. पायी आलेल्याला त्या दिव्यांखालचा भराव दिसतो, भरावाचा हिशेब मागणारा नागरिक दिसतो, कापूस, पाथरवट, वैद्य आणि कुडीतील पत्र्याची पेटी दिसते.

आता काही व्यवहाराच्या सूचना. फेरी सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर घ्यावी, पावसाळा टाळावा. मळलेल्या वहाणा चालतील, नव्या कोऱ्या नकोत. पाणी जवळ ठेवावे. मार्गदर्शक शासनमान्य असल्यास ओळखपत्र पाहून घ्यावे, आणि मोबदला आधीच ठरवावा. विद्यार्थ्यांची तुकडी वीसबावीसच्या वर नसावी. मोठ्या घोळक्यात मागच्याला काहीच ऐकू येत नाही. निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाने एक प्रश्न लिहून आणावा, आणि परतल्यावर ‘असे झाले’ व ‘असे सांगतात’ अशा दोन रकान्यांत ऐकलेले उतरावे. हा स्वाध्याय कोणत्याही पाठ्यपुस्तकातील स्वाध्यायापेक्षा कमी प्रतीचा ठरणार नाही.

शेवटी एकच गोष्ट. मुंबईला जाणे सर्वांना जमेल असे नाही. पण प्रत्येक गावात पाणवठा असतो, देऊळ किंवा इगर्जी असते, जुनी शाळा असते, बांध असतो, कोणी तरी बांधलेला पूल असतो. तो कोणी बांधला, पैसा कोणी दिला, दगड कोठून आला, काम कोणी केले, हे सांगणारी वृद्ध माणसे अद्याप हयात आहेत. शिक्षकाने एका रविवारी दहा मुले आणि एक आजोबा यांना बरोबर घेऊन गावाची अर्ध्या मैलाची फेरी काढावी आणि ऐकलेले लिहून ठेवावे. सीताराम खंडेराव वैद्य यांचे नाव एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या प्रसिद्ध इमारतीपुढे उभे असूनही लोकांच्या स्मरणातून गेले. गावातील गवंड्याचे नाव तर एका पिढीत जाईल. ते जाण्याआधी वहीत उतरावे, एवढीच विनंती.